ओल्या वेतावर बसू नये

भूत कुणीही बघतं, त्यात काय एवढं? मी भूत तयार केलंय. स्वतःच्या हातानं. असा दुसरा माणूस या सगळ्या गल्ल्यांत दाखवून द्या, मी मिशी काढून देतो. आता हातानं म्हणजे... खोटं कशाला बोलू, बुडानं केलं. आणि मिशी मला पहिल्यापासून नाहीच.

हसून घे भाचीबाई, हसून घे. वीज गेली आहे तोवर तुमचं लक्ष माझ्याकडे आहे. आली की तुम्ही दोघं पुन्हा मोबाईलमध्ये डोकी घालाल आणि मामा गेला कोपऱ्यात. जावईबापू, तो उजेड तोंडावर मारू नका, मी काय पाकीट मारताना सापडलोय? मेणबत्ती पुरे आहे. दार तेवढं लोटून घ्या. नको, राहू द्या, उघडंच असू द्या.

तर हे घडलं ते माझ्या ओळखीच्या माणसाच्या घरात. वेतवाल्याच्या. दोन गल्ल्या पलीकडे पुढे दुकान, मागे खोली. खुर्च्यांच्या बैठका वेतानं विणून देतो. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी लांबच्या शहरात, रविवारी फोन करते. मी पाट्या रंगवायचो. शिक्षण सातवी, तीसुद्धा दोनदा, म्हणजे हिशेबानं चौदावी. पुढे छापील बोर्ड आले आणि माझे ब्रश वाळले. तेव्हापासून नाही, त्याच्याही आधीपासून, तीस वर्षं मी रोज संध्याकाळी त्याच्या दुकानात स्टुलावर बसतो. मी बोलायचो, तो विणायचा. मला वाटायचं, दोस्ती म्हणतात ती हीच.

आता त्याच्या धंद्यातली एक गोष्ट ऐका, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. वेत विणायच्या आधी पाण्यात भिजवतात. ओला असताना तो नरम असतो, वाळला की ताणून बसतो, टिचकी मारली तर वाजतो. म्हणून नव्यानं विणलेल्या खुर्चीवर एक अख्खी रात्र कुणी बसायचं नाही. बसलं की खड्डा पडतो, आणि बसणाऱ्याच्या आकाराचा पडतो. तो जन्मात जात नाही, सगळं उसवून पुन्हा विणावं लागतं. कुणी चुकून बसू नये म्हणून वेतवाला खुर्चीच्या या हातापासून त्या हातापर्यंत एक लाल दोरा बांधून ठेवतो. दोरा दिसला की समजायचं, वेत ओला आहे.

गेल्या वर्षी नोव्हेंबरची अकरा तारीख. मंगळवार. संध्याकाळी लवकर घरी आलो होतो आणि चष्मा त्याच्याकडेच विसरला होता. तो आणायला आठ वाजून वीस मिनिटांनी पुन्हा गेलो. वेतवाला चपला घालत होता. म्हणाला, "आलायस तर बस. मी डोळ्यांचं औषध घेऊन येतो. कशाला हात लावू नकोस."

कशाला हात लावू नकोस! मला असं सांगायचं असतं का?

भिंतीशी एकच खुर्ची होती, नुकती विणलेली. लाल दोरा बांधलेला. ती टेलिफोनवाल्या बाईंची. जुन्या काळी या बाई टेलिफोन कचेरीत होत्या, लांबच्या गावांचे फोन जोडून द्यायच्या. कानाला यंत्र लावून बसायच्या आणि साऱ्या जगाला म्हणायच्या, बोला. पुढे निवृत्त झाल्या, एकट्या राहायच्या. आणि त्याच खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या. तीन दिवस कुणाला पत्ता नाही. तीन दिवसांत एका माणसानं दार वाजवलं नाही. शेवटी पुतण्यानं येऊन घर आवरलं, खुर्ची वेतवाल्याकडे टाकली, "विणून ठेवा, नेतो" म्हणाला आणि गेला.

वेतवाल्याच्या डोक्यातून ते तीन दिवस जाईनात. विणताना मध्येच थांबायचा, म्हणायचा, "तीन दिवस, अरे." मी माझी गोष्ट रंगात आणलेली आणि याचं आपलं "तीन दिवस". मला कंटाळा आला होता. म्हटलं, याला जरा हसवावं.

दोरा सोडला. बसलो. ऐसपैस बसलो, चांगला मनात शंभरपर्यंत मोजून. उठलो तर खड्डा असा, की त्यात मांजर व्यालं असतं. दोरा पुन्हा बांधला. तो आला, मी चष्मा घेतला आणि साळसूद तोंडानं घरी.

"मामा, शोभतं का हे या वयात?" अगं, या वयात नाही तर कधी? लहानपणी वजन कमी होतं.

दुसऱ्या दिवशी गेलो. वेतवाला खुर्चीसमोर उभा. मी आवाज गंभीर करून म्हटलं, "दोरा जागच्या जागी आणि खड्डा? बाई येऊन बसून गेल्या वाटतं." पोटात हसू नुसतं उकळत होतं. वाटलं, आता हा घाबरेल, मग मी सांगेन, मग तो शिव्या घालेल, मग चहा.

तो दोऱ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "बसू देत. खुर्ची त्यांचीच आहे."

झालं. तिथून माझे दिवस फिरले.

त्यानं ती खुर्ची खोलीत नेली आणि आपल्या खाटेसमोर ठेवली. माझं स्टूल दाराकडे सरकलं. डॉक्टरनं सांगितलं होतं, रात्री साडेआठला डोळ्यांत थेंब घालायचे, दिवा बंद करायचा आणि वीस मिनिटं डोळे मिटून पडायचं. आधी त्या वीस मिनिटांत मी त्याची करमणूक करायचो. आता सव्वाआठ वाजले की तो म्हणायचा, "तू निघ आता."

"का रे?"

"त्यांची यायची वेळ झाली."

आता बघा माझी पंचाईत. खरं सांगावं तर हा म्हणणार, चार दिवस मला उल्लू बनवलंस. आणि न सांगावं तर समोर माझीच जागा दुसरीनं घेतलेली. दुसरीनं तरी कुठे, माझ्याच खड्ड्यानं! जगात कुणाला बायकोचा हेवा वाटला असेल, शेजाऱ्याचा वाटला असेल. मला माझ्याच बुडाचा हेवा वाटत होता.

मी निघायचो. पण घरी जायचो नाही. मागच्या बोळात त्याच्या खोलीची खिडकी आहे, तिथे नळाच्या पाइपाशेजारी उभा राहायचो. डास माझं रक्त प्यायचे आणि मी कान लावायचो.

आणि तो बोलायचा हो! तीस वर्षांत मला काय बोलला असेल? "पाय उचल, खाली वेत आहे." बस्स. आणि त्या रिकाम्या खुर्चीशी? बायको गेल्यावर वर्षभर तो चहाचे दोन कप काढायचा, एक तसाच धुऊन ठेवायचा. मला माहीत नव्हतं. रविवारी मुलीचा फोन यायच्या आधी काय काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवतो, कारण नुसतं "बरा आहेस ना, बरा आहे" झालं की फोन संपतो. माहीत नव्हतं. एका रात्री म्हणाला, "मागच्या दाराला मी कडी लावत नाही बाई. उद्या मला काही झालं तर कुणाला दार फोडायला लागू नये."

मी बाहेर पाइप धरून उभा. रडू यायला पाहिजे होतं. मला काय आलं सांगू? राग. हे मला का नाही सांगितलं? रोज येतो तो मी. त्याचा ताप मी काढला, त्याच्या बायकोच्या मागे चार महिने डबा मी पोचवला. आणि मनातलं सगळं हिला? जी नाहीच तिला? अंगाचा नुसता तिळपापड. असं वाटायचं, आत जावं आणि ती खुर्ची गल्लीत भिरकावून द्यावी.

डिसेंबरची चार तारीख आली. त्या रात्री तो माझ्याबद्दल बोलला. "माझा एक मित्र आहे, रोज येतो. मनानं चांगला आहे. पण तो बोलायला लागला, की खोलीत मी एकटाच असतो."

ऐकलंत? एकटाच असतो म्हणे! मी असताना!

मी नाही गेलो मग. पाच, सहा, सात, आठ. चार संध्याकाळी गेलो नाही. म्हटलं, बस तुझ्या बाईंशी बोलत. घरी बसलो. घरात पाच माणसं, पाच मोबाईल, आणि मी सहावा, चार्जिंग नसलेला. टीव्हीवर एक माणूस दुसऱ्यावर ओरडत होता, मला त्या ओरडून घेणाऱ्याचासुद्धा हेवा वाटला. चौथ्या दिवशी राहवलं नाही, म्हणून एक नीच काम केलं. बाईंच्या पुतण्याला फोन लावला. आवाज बदलून म्हटलं, "तुमची खुर्ची तयार आहे. घेऊन जा, जागा अडते." तो म्हणाला, परवा सकाळी येतो, वेतवाल्याला मी कळवतो.

फोन ठेवला आणि चार दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली.

काय म्हणालात जावईबापू? वाईट केलं? मग, मी कुठे चांगलं केलं म्हणतोय?

दुसऱ्या दिवशी नऊ डिसेंबर. पुन्हा मंगळवार. मला माहीत होतं, खड्डा पडलेली खुर्ची वेतवाला गिऱ्हाइकाला देणार नाही. तो ती उसवणार आणि नव्यानं विणणार. म्हणजे माझा खड्डा गेला, बाई गेल्या, उद्या खुर्चीही जाणार. विजय माझा! तो बघायला मी रात्री आठ वाजून चाळीस मिनिटांनी त्या बोळात शिरलो.

खिडकीतून पाहिलं. खोलीत दिवा नाही. रस्त्यावरच्या खांबाचा उजेड तिरका आत आलेला. वेतवाला खाटेवर आडवा, डोळे मिटलेले. समोर खुर्ची. नवा वेत, पांढुरका, ओला. मधे लाल दोरा. बैठक सरळ, परातीसारखी. एक सुरकुती नाही.

आणि तो बोलत नव्हता.

पहिल्यांदा तो गप्प होता. नुसता पडलेला. मला वाटलं होतं आनंद होईल. नाही झाला. एकदम मनात आलं, आपण आत जावं. गुपचूप त्या खुर्चीत बसावं. तो बोलेल. खुर्चीतून ऐकावं, खिडकीतून नको. मग त्यानं डोळे उघडले की समोर ती नाही, मी. खुर्ची मला नको होती हो. त्या खुर्चीला जे मिळत होतं, ते हवं होतं. एकदाच.

मागच्या दाराला कडी नव्हतीच. ढकललं. दार थोडं करकरलं. मी थांबलो. तो हलला नाही. चपला दाराशी काढल्या. अनवाणी आत. फरशी गार.

चार पावलं. मी खुर्चीपाशी आलो. दोरा सोडायचा म्हणून खाली वाकलो. चाचपताना हात दोऱ्याखालून गेला, बैठकीवर टेकला.

वेत ओला होता. गार असायला हवा होता.

गार नव्हता.

कोमट... जसं कुणी आत्ताच...

मी हात तसाच ठेवला. उचलायचं सुचलं नाही. आणि हाताखाली वेत बोलला. कर्र.

अगदी बारीक. कर्र... कर्र...

मी दाबत नव्हतो. नुसता टेकलेला हात. आणि तो हात खाली जात होता. वेताबरोबर. हळू. जसं वयस्कर माणूस बसतं. आधी पुढच्या कडेला. मग जरा मागे. मग... पूर्ण.

वर दोरा तसाच. ताठ. हलला नाही.

खोलीत कुणीतरी ऐकत होतं. कसं कळलं विचारू नका. तुम्ही फोन उचलता, पलीकडून कुणी बोलत नाही, पण कुणीतरी आहे हे कळतं ना? तसं.

मला हाक मारायची होती. वेतवाल्याला. तीस वर्षं माझं तोंड कधी बंद झालं नव्हतं. त्या वेळी जीभ...

आणि मिटल्या डोळ्यांनी वेतवाला म्हणाला,

"हो... आलाय तो."

...

पळालो. दाराची चौकट कपाळाला लागली, ही बघ खूण. बोळातून, गल्लीतून, अनवाणी. घरी येऊन गोधडीत शिरलो. सूनबाईनं विचारलं, "बाबा, काय झालं?" म्हटलं, कुत्रं मागे लागलं. कुठलं कुत्रं विचारलं नाही तिनं. मोबाईल वाजला तिचा.

मेणबत्ती नीट धर गं. हलते आहे. ... वारा नाहीये? बरं. असू दे.

सकाळी उजेडात माणूस शूर होतो. चपला आणायला गेलो. वेतवाला दुकानात वेत भिजत घालत होता. माझ्या चपला पुढच्या दाराशी नीट जोडून ठेवलेल्या. मला बघितलं आणि हा हसला. आधी गालात, मग पोट धरून.

"कपाळाला काय लावलंस, टोमॅटो?"

मी म्हटलं, "हसतोस कसला? अरे, तुझ्या खोलीत..."

"काय खोलीत? दार करकरलं, मला कळलं तू आलास. म्हटलं तुलाही जरा चव दाखवावी. 'हो, आलाय तो!' अरे, किती पळालास! माझ्या डोळ्यांतलं औषध हसून हसून गळून गेलं."

मी तिथेच स्टुलावर बसलो. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. दोरा मी उजव्या हातानं बांधतो. त्या दिवशीची गाठ डावऱ्या माणसाची होती. आणि आपल्यात डावरा कोण आहे? शिवाय एवढा खड्डा बाईंचा? बिचाऱ्या काडीसारख्या होत्या."

"मग इतके दिवस त्या रिकाम्या खुर्चीशी बोलत होतास तो?"

"खुर्चीशी कशाला बोलेन? वेडा आहे का मी?" त्यानं हात पुसले. "खिडकीबाहेर तू असायचास ना. खोकायचास, डास मारायचास. गाढवा, तुझ्याशीच बोलत होतो. समोर बसवलं की तू मला बोलू देतोस का? तीस वर्षं वाट बघितली. बाहेर उभा केला तेव्हा कुठे गप्प बसून ऐकलंस."

महिनाभर जिच्यावर जळलो, तिच्या वाट्याचं सगळं माझंच होतं म्हणे. जिवात जीव आला. म्हणजे सगळी याचीच करामत! मी म्हटलं, "मानलं तुला. पण ते खुर्चीचं कसं केलंस रे? हात टेकला तर बैठक आपोआप खाली गेली. खालून दोरी बांधली होतीस?"

त्याचं हसू गेलं.

"कुठली बैठक?"

"त्या खुर्चीची. काल."

"तिला मी हात लावला नाही. दुपारी विणली, दोरा बांधला. आज पुतण्या येणार आहे ना न्यायला. उठल्यापासून तिकडे बघितलंही नाही."

दोघे खोलीत गेलो. खुर्ची खाटेसमोर. दोरा जागेवर, गाठ उजव्या हाताची, वेतवाल्याची. आणि खाली बैठकीत खड्डा. वेत वाळला होता. वाळताना त्यानं तो खड्डा धरून ठेवला होता. लहान, अरुंद. माझी एक मांडीसुद्धा मावली नसती त्यात.

वेतवाला खाटेवर बसला. मी उभाच. मग माझ्यातला तो मत्सर, बघा, अजून मेला नव्हता. म्हटलं, "म्हणजे खरंच येते. मग मी कशाला हवा तुला? बस तिच्याशी बोलत."

तो म्हणाला, "तू चार दिवस आला नाहीस."

"रुसलो होतो."

"रोज साडेआठला पुढचं दार वाजायचं. दोनदा, हळू. मला वाटायचं तूच, मस्करी करतोयस. उघडलं की कुणी नाही. चारही दिवस."

"मी नव्हतो रे."

"ते आत्ता कळलं."

पुतण्या त्या दिवशी आला नाही. आजपर्यंत आलेला नाही. खुर्ची तिथेच आहे. पण ते सोडा, त्या सकाळी मी काय म्हणालो ते ऐका. माझीच चूक आणि वर मीच चिडलो. म्हटलं, "मग मला बोलवायचं होतंस. एक हाक मारली असतीस तर आलो नसतो का मी?"

वेतवाल्यानं खुर्चीवरचा दोरा सोडला, बोटाला गुंडाळला, आणि म्हणाला, "तिच्या दाराशी तीन दिवस कुणी आलं नव्हतं. ती मेल्यावरसुद्धा चार दिवस माझं दार वाजवून गेली. तू तर दोनच गल्ल्या पलीकडे होतास. आणि जिवंत होतास ना रे?"